पुजलेली खेळणी

बेंदराचा दुसरा दिवस, सन १९७४. मुक्काम कुंडल.

ही डायरी साखर कारखान्यानं सभासदांना वाटली होती. फडताळात पडून राहिली. निम्मी पानं कोरी गेली, ती आता कुठं भरणार. माझा मुलगा सयाजी पलटणीत आहे. त्यानं लिहिलं, आई, तुझी दुसरी झालीय, रोज चार ओळी लिहीत जा, हात वळेल, मग मला पत्र तूच लिहिशील. म्हणून बसले. कालच्या पुरणपोळ्यांनी कंबर धरलीय, तरी बसले.

पहिली गोष्ट नातीची लिहिते. मनू, तीन वर्षांची. काल शिंगांच्या रंगात बोटं बुडवून तिनं स्वतःच्या कपाळाला फासली आणि बैलाशेजारी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आज्जी, मला बी ओवाळ." ओवाळलं. बैलाआधी तिलाच ओवाळलं. शेजारची रंगूबाई हसली. हसू दे. तिला नातू आहेत पण एकालाही असं बोलता येत नाही.

दुसरी गोष्ट सुनेची. शकुंतला तिचं नाव, सयाजीची बायको. महिला मंडळानं गावात बालवाडी काढली आणि आमची सून सातवी पास म्हणून तिला बाई नेमलं. मारुतीच्या देवळामागची खोली, एक खुर्ची, एक हजेरीपट. पोरं आत सोडली आणि मंडळाच्या बायका आपापल्या घरी गेल्या. पोरं रडतात. एक रडलं की सगळी रडतात. एक पळालं की त्याच्या मागं शकुंतला पळते आणि इकडं बाकीची ओढ्याला पोचतात. दुपारी घरी येते ती भिंतीकडं तोंड करून पडते.

काल म्हणाली, "आत्याबाई, मला ह्यातलं काय बी येत न्हाई. कुणीतरी दाखवायला पायजे."

मी म्हणाले, "पोरं सांभाळायला कोण दाखवतंय? मी चार वाढवली."

ती उठून भांडी घासायला गेली. पण दमलेली दिसते खरी.

मंगळवार.

लीलाबाई येऊन गेल्या. ह्या सरपंचांच्या मंडळी, मंडळाच्या अध्यक्ष. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि बोलल्या, "चंद्राबाई, दिवाळीनंतर तालुक्याची बाई बालवाडी बघायला येणार हाय. तिनं बरं म्हटलं तर शकुंतला ऱ्हाईल. न्हाईतर माझी भाची हाय मलकापूरची. मॅट्रिक हाय."

मी म्हणाले, "आमच्या सुनेत काय कमी हाय?"

"कमी कुठं म्हणतीया मी. पण पोरं रडत्यात तर वेशीपत्तोर ऐकू येतंय."

त्या गेल्यावर मी सुनेकडं बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. लग्नाआधी तिला मास्तरीण व्हायचं होतं, असं तिची आई एकदा बोलली होती. तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं. म्हटलं, बायका बोलतात.

आता मनावर घेतलं. मी ठरवलं, बालवाडीला जे जे लागतं ते मी हुडकून आणायचं. जिनसा असल्या की कुणाचं काय अडतंय. चुलीला लाकूड नसलं तर सुगरण काय करणार.

नागपंचमी झाल्यावर, शनिवार.

सगळ्यात आधी प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरांकडं गेले. त्यांना विचारलं, बालवाडीत काय शिकवत्यात? ते म्हणाले, "बाराखडी घोकून घ्या. आन् छडी ठेवा टेबलावर. मारायची न्हाई, नुसती ठेवायची." म्हटलं, आमच्याकडं टेबलच न्हाई. तर म्हणाले, मग मांडीवर ठेवा. चांगला माणूस, पण त्यांची पोरं मोठी.

मग यष्टीनं तासगावला गेले. बाजारात शाळेच्या वस्तूंचं दुकान आहे. दुकानदाराला सांगितलं, पोरांना भिंतीवर लावायला मोठं, रंगीत, छान चित्र द्या. त्यानं गुंडाळी दिली. मला चष्मा लागत नाही ती गोष्ट वेगळी, पण यष्टी सुटायची होती म्हणून उघडून बघितलं नाही.

बालवाडीत जाऊन उलगडलं तर माणसाच्या हाडांचा सापळा. कवटीपासून पायाच्या बोटापर्यंत. पोरं अशी किंचाळली की देवळातला पुजारी धावत आला. एका पोरानं चड्डी भिजवली. आमची मनू तेवढी पुढं गेली, त्याच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "आज्जी, ह्यो जेवत न्हाई व्हय?" काय पोर आहे! मी तिथंच तिची दृष्ट काढली असती.

शकुंतलेनं ते चित्र गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. रागावली नाही. ती कधीच रागावत नाही, हा तिचा मोठा गुण. मीच म्हटलं, पुढच्या वेळी बघून आणीन.

दोन खेपांनी पाय सुजलेत. तेल लावून बसलेय.

धोंड्याचा महिना.

जावई येऊन गेले, अनारसे केले, त्यात आठवडा गेला. काही लिहिलं नाही.

तालुक्याच्या बाईचं नाव क्षमाबाई. सांगलीच्या आहेत, मुख्यसेविका म्हणतात त्यांना. रस्त्यात शकुंतलेला भेटल्या. रात्री भाकऱ्या थापताना ती म्हणाली, "आत्याबाई, साताऱ्याला बायकांची एक संस्था हाय. तिथं बालवाडीच्या बायांचा वर्ग असतोय. तिथंच ऱ्हायाचं. संक्रांत झाली की सुरू व्हतोय, चैतापत्तोर. पोरांना कसं बोलायचं, कसं खेळवायचं, समदं शिकवत्यात."

मी म्हणाले, "चैतापत्तोर? ऊसतोडीच्या दिवसात? आन् मनूला कोण बघणार, म्हशीला कोण?"

ती म्हणाली, "व्हय." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

बघा, तिलाही पटलं. समजूतदार आहे. वर्गाबिर्गाचं तिचं तिनंच सोडून दिलं. मी म्हणाले, काळजी करू नकोस, आपण सांगलीला जाऊ, तिथं सगळं मिळतं. ती म्हणाली, "तुमी म्हणाल तसं."

गणपती विसर्जनानंतर, सोमवार.

सांगलीला गेलो, मी, शकुंतला आणि मनू. मनूला खिडकीशी बसवलं. प्रत्येक उसाच्या गाडीला ती हात हलवत होती. एका बैलानं मान हलवली तर म्हणाली, "त्यानं वळखलं मला." सबंध यष्टी हसली. कंडक्टरनं तिला तिकिटाचा कोरा कागद दिला, तो तिनं घरी येईपर्यंत मुठीतून सोडला नाही.

गणपती पेठेत दुकान सापडलं. काय काय खेळणी! लाकडी ठोकळे, लाल, पिवळे, हिरवे. ओवायचे मोठे मणी. एकात एक बसणारे डबे. लाकडाची घड्याळं. मंडळानं वर्गणी दिली होती, त्यात मी माझी भर घातली आणि सगळं घेतलं.

एक गोष्ट घडली ती लिहून ठेवते, कारण मला जरा लाज वाटली. दुकानदाराचं लहान पोरगं खाली बसलं होतं. मी मणी बघत होते, वळून बघते तर शकुंतला त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसलेली, ठोकळ्यावर ठोकळा ठेवत. पोरगं पाडत होतं, ही पुन्हा ठेवत होती. घोड्याएवढी बाई! गिऱ्हाईकं वळून बघत होती. मी म्हटलं, "ऊठ गं, लोक बघत्यात." ती लगेच उठली, पदर सारखा केला.

येताना एक शहरातली बालवाडी लागली. आतून गाण्याचा आवाज येत होता. शकुंतला खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली ती हलेना. मी म्हटलं यष्टी जाईल. ती म्हणाली, "आत्याबाई, वाईच. त्या बाई काय करत्यात ते बघू द्या." बाई काही करत नव्हत्या. पोरांच्यात नुसत्या बसल्या होत्या. त्यात काय बघायचं? दंडाला धरून ओढली. यष्टी मिळाली.

पण खेळणी मिळाली. आता कुणाची हिंमत आहे बोलायची. लीलाबाईच्या भाचीकडं मॅट्रिक असेल, ठोकळे नाहीत.

गुरुवार.

खेळणी सयाजीच्या पलटणीच्या काळ्या ट्रंकेत ठेवली. ट्रंक बालवाडीत नेली, कुलूप घातलं, किल्ली माझ्या कमरेला. ही पोरं म्हणजे राक्षस आहेत, एका दिवसात भुगा करतील. मग तालुक्याच्या बाईला काय दाखवायचं? लाकडाचे तुकडे?

तरी पोरांना अगदीच वंचित ठेवलं नाही. शनिवारी जाऊन मी ट्रंक उघडते. पोरं ओळीनं हाताची घडी घालून बसतात. मी एकेक वस्तू वर धरून दाखवते, हा लाल, हा पिवळा. मग परत ठेवते. त्या वेळी कुणी रडत नाही, अगदी सुईचा आवाज ऐकू येईल. शकुंतला मागं उभी असते. एकदा म्हणाली, "आत्याबाई, मणी तेवढं द्या की. ओवून परत ठेवत्याल." मी म्हटलं, बाईची तपासणी होऊ दे, मग हायतच.

मनूनं हट्ट केला. माझ्या कमरेची किल्ली ओढून ओढून रडली. माझा जीव तुटत होता, पण सगळ्यांना एक न्याय. घरी नेऊन तिला गूळ दिला. तिनं गूळ खाल्ला आणि गुळानं भरलेल्या तोंडानं म्हणाली, "आज्जी, तू वाईट हायस." मग माझ्याच मांडीवर झोपली.

खंडेनवमी.

सकाळपासून उभी आहे. कोयता, खुरपं, विळा, पाभर, सासऱ्यांची तलवार, सगळं घासलं, मांडलं, झेंडूच्या माळा घातल्या. ज्याच्यावर आपण जगतो त्याला आज हात जोडायचे. मग माझ्या मनात आलं, शकुंतलेचं हत्यार कोणतं? ती खेळणीच की! म्हणून ट्रंक घरी आणवली. ठोकळे पाटावर मांडले, प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं, मण्यांना झेंडू, डब्यांना अक्षता. निवद दाखवला.

रंगूबाई बघायला आली. म्हणाली, "चंद्राक्का, तुमाला सुचतंय बाई! लय देखणं दिसतंया." मला बरं वाटलं. शकुंतलेला म्हटलं, नमस्कार कर. तिनं वाकून केला. बराच वेळ वाकलेली होती. उठली तेव्हा डोळे ओले होते. मलाही भरून आलं. आपल्या कामाची पूजा झाली की बाईमाणसाला तसं होतंच.

आता पुजलेली वस्तू पोरांच्या शेंबड्या हातात द्यायला माझं मन होईना. बघू पुढं.

दिवाळीच्या पाडव्यानंतर, बुधवार.

आज तपासणी झाली.

क्षमाबाई सायकलवरून आल्या. सुती पातळ, केस आवळून बांधलेले, वयानं सयाजीपेक्षा लहान. बरोबर लीलाबाई आणि मंडळाच्या बायका. मी आधीच ट्रंक उघडून खेळणी चौरंगावर मांडली होती. एकेक ठोकळा चमकत होता.

क्षमाबाईंनी एक लाल ठोकळा उचलला. त्यावरचं कुंकू त्यांच्या बोटाला लागलं. त्या बोटाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही खेळणी कधी आणली?"

मी पुढं होऊन सांगितलं, "दसऱ्याच्या आदी. बाई, एक टवका उडालेला दाखवा. एक बी न्हाई."

"मुलं खेळतात ना ह्यांच्याशी?"

"छे! हात लावू दिला न्हाई कुणाला."

लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला. क्षमाबाईंनी ठोकळा खाली ठेवला आणि शकुंतलेला विचारलं, "तुम्ही का नाही काढून दिली?"

मला वाटलं आता ही सांगेल, किल्ली सासूकडं असते. खोटं थोडंच होतं ते. पण शकुंतला खाली बघून म्हणाली, "माझीच चूक झाली, बाई."

क्षमाबाई तिच्याकडं बघत होत्या आणि मग माझ्या कमरेकडं. आज लुगड्याचा रंग जरा विटका होता, त्याकडं बघत असतील. पोरांजवळ जाऊन खाली बसल्या, दोघातिघांशी गप्पा मारल्या. जाताना लीलाबाईंना म्हणाल्या, "ह्या बाईंच्या अंगात काम आहे, पण प्रशिक्षण नाही. साताऱ्याच्या वर्गाला पाठवा. गेल्या तर ही जागा त्यांचीच. नाही गेल्या तर मी बालवाडी दुसऱ्याकडं द्यायला सांगेन."

घरी येताना मी सुनेला चांगलं फैलावर घेतलं. "तुझी काय चूक? वस्तू जपली ही चूक? तू का म्हणालीस तसं?"

ती म्हणाली, "तुमाला चारचौघींत कुणी कशाला बोलायचं?"

मला काही कळलं नाही. मला कोण काय बोलणार होतं?

कार्तिक, रविवार.

थकवा आलाय. ऊस तोडणीला लागायचा आहे, म्हैस गाभण, आणि डोक्यात हा साताऱ्याचा भुंगा.

शकुंतला एका शब्दानं विचारत नाही. मी वाट बघते की ती विचारेल, मग मी नाही म्हणेन. पण ती विचारतच नाही. झाडते, सारवते, बालवाडीत जाते, येते. सयाजीचं पत्र आलं, आई म्हणेल तसं करा. सगळेच असं म्हणतात. मग माझ्याच डोक्यावर येतं.

रंगूबाई म्हणते, "एवढं दीस सुनंला घराभाईर ठेवायचं म्हंजी चुलीतला इस्तू पदरात घ्यायचा. बाटल्यागत व्हतंय बाई." तिचं काय, तिला कशातही पाप दिसतं. पण लोक बोलतील हे खरं.

आणि शिकून आल्यावर ती घरात राहील का, की आणखी कुठं जाईल? हे मी कुणाला बोलले नाही. इथं लिहिलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू.

लीलाबाईंकडं गेले होते. वाण लुटलं, तिळगूळ झाला. भरल्या बायकांत लीलाबाई म्हणाल्या, "साताऱ्याचा वर्ग उद्या परवा सुरू व्हतोय. चंद्राबाई, तुमच्या सुनेला न्हाई जमायचं ते. तिथं बोलावं लागतंय चार माणसांत. ती तर तोंडातनं शब्द काढत न्हाई. माझ्या भाचीची पेटी भरून तयार हाय."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "आमच्या शकुंतलेची बी पेटी भरल्याली हाय. परवाच्या यष्टीनं जाणार."

भरलेली कुठली! घरी येऊन आधी पेटी हुडकली. शकुंतला चुलीपुढं होती. तिला सांगितलं तर हातातली फुंकणी तशीच राहिली. "खरं?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मग काय त्या मलकापूरवालीला जाऊ द्यायचं?"

तिनं माझे पाय धरले. गुडघे दुखत होते म्हणून मी जरा मागं सरले.

माघ.

दिवस कळत नाही, वार कळत नाही. पहाटे उठायचं, म्हैस, शेणघाण, भाकऱ्या, तोडकऱ्यांना पाणी. सकाळी बालवाडीत मीच बसते. क्षमाबाईंनीच सांगितलं, सून येईपर्यंत पोरं सांभाळा. ट्रंक उघडून दिली एकदाची. कोण रोज कुलूप काढून दाखवत बसणार, माझ्यात तेवढा दम नाही. पहिल्याच दिवशी पिवळ्या ठोकळ्याचा कोपरा गेला. मी बघत राहिले. पोरानंही माझ्याकडं बघितलं. मग त्यानं तो ठोकळा दुसऱ्यावर ठेवला. रडत कुणी नाही आता. मला वाटतं ती मोठी झाली.

मनू रात्री आईसाठी कुरकुरते. मी तिला म्हटलं, आई शिकायला गेलीय. ती म्हणाली, "आई तर मोठी हाय." मी म्हटलं, व्हय गं, मला बी तेच कळत न्हाई.

शिवरात्रीच्या आधी, शुक्रवार.

मनूला ताप. तीन दिवस अंग तव्यासारखं. डॉक्टरनं सुई दिली. तिच्या उशाशी बसून माझी पाठ लाकूड झालीय. पोर तापात "आई, आई" करते, मी जवळ असून. मी तिची इतकी लाडाची, तरी आईच.

आज ताप उतरला, पेज खाल्ली. पण माझं ठरलं. बास झालं शिकणं. उद्या साताऱ्याला जाते आणि शकुंतलेला घेऊन येते. जागा गेली तर जाऊ दे. मनूला रंगूबाईकडं ठेवणार आहे. रंगूबाई म्हणाली, "आता कसं शाण्यावाणी बोललासा."

रविवार. घरी.

काल आले, काल लिहायची ताकद नव्हती. आजही पाय चुलीच्या उबेला धरून बसलेय.

कराडला यष्टी बदलली, गर्दीत उभी राहूनच गेले. साताऱ्यात विचारत विचारत संस्थेत पोचले. फाटकातल्या बाईनं सांगितलं, वर्ग चाललाय, त्या दालनात जा. मी चपला काढून दारात उभी राहिले.

आत सगळ्या बायका जमिनीवर. माझ्या वयाच्याही दोघी होत्या. सगळीकडं कागदाचे कपटे, माती, चिंचोके. घर असतं तर झाडू घेऊन धावले असते. आणि पुढं एक बाई गोष्ट सांगत होती. रेडकाची. ते रेडकू ओढ्यातनं बाहेर यायला तयार नाही, आणि त्याची आई, मालक, मालकीण, सगळी काठावरनं हाका मारतात. ती बाई कधी रेडकू व्हायची, कंबर वाकवून, गाल फुगवून, कधी मालकीण व्हायची, "आरं ये की रं मुडद्या!" आवाज सगळ्या दालनात घुमत होता. बायका पोरांसारख्या ओरडत होत्या, "येऊ नको! येऊ नको!" मीही हसले. मी म्हटलं, कुणाची लेक असेल ही, काय पण बाई आहे.

मग ती वळली आणि ती शकुंतला होती.

तिनं मला बघितलं. हात आपसूक पदराला गेला, पदर डोक्यावर आला. वाकलेली कंबर सरळ झाली, मान खाली गेली. गोष्ट तिथंच राहिली. एवढ्या बायकांच्या मधून ती माझ्याकडं आली ती अशी आली, जशी रोज स्वयंपाकघरातून येते.

"आत्याबाई. मनू?"

"ताप आला हुता. उतरला. पेज खाल्ली."

तिनं डोळे मिटले, उघडले. मला पाणी आणून दिलं. मी पाणी पीत होते तोवर ती शेजारच्या खोलीत गेली. मी मागून गेले. ती पेटी ओढून लुगडी भरत होती. घडी घालून, एकावर एक.

मी अजून काही बोलले नव्हते. न्यायला आले हे तोंडातून काढलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही, आत्याबाई, जायचं का? राहू का? एक शब्द नाही. मी दारात आले आणि तिनं पेटी भरायला घेतली.

सहा वर्षं तिनं मला कधी नाही म्हटलं नाही. मी सगळ्या गावात सांगत फिरते, आमची सून उलट बोलत नाही. काल त्या खोलीत मी त्या घड्या मोजत उभी राहिले.

मी म्हटलं, "ते ठेव खाली."

ती थांबली. "पण मनूला..."

"मनूला मी हाय. रंगूबाई हाय. ठेव म्हणते ना ते."

"मग तुमी कशाला आलासा एवढ्या लांब?"

खोटं बोलायचं मनात आलं. देवाला आले होते म्हणणार होते. पण दमलेल्या माणसाला खोटं रचायलाही जड जातं. मी म्हटलं, "तुला न्यायला. दमले म्हणून. आता न्हाई नेत."

ती तशीच बसली, हातात लुगडं. मग तोंडात पदर कोंबून रडली. मी काय करणार, पाठीवरनं हात फिरवला. जरा वेळानं म्हटलं, "त्या रेडकाचं पुढं काय झालं?"

"काय?"

"आलं का भाईर? का तितंच बुडालं? मला यष्टीत बसल्यावर झोप यायची न्हाई."

शिकवणाऱ्या बाई दाराशी आल्या होत्या. म्हणाल्या, "चला शकुंतला, सगळ्या थांबल्यात." मला म्हणाल्या, "आजी, तुम्हीही बसा."

मी बसले, बायकांच्यात, कपट्यांवर, सगळ्यात मागं. गुडघे वाजले. शकुंतला पुढं जाऊन उभी राहिली. तोंड उघडलं, पण आवाज येईना. माझ्याकडं बघत होती. पदर घट्ट धरलेला. बायका म्हणाल्या, सांग की गं. तिनं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा काही नाही.

मग मी वळले. भिंतीला खिडकी होती, तिच्याकडं तोंड केलं आणि शकुंतलेकडं पाठ करून बसले. बाहेर एक बाई विहिरीवर लुगडी आपटत होती, ती बघत राहिले.

विहिरीवरच्या बाईनं चार लुगडी पिळून वाळत घातली. मग मागनं हळूच, "तर मालकीण म्हणाली..." मग थोडं मोठ्यानं. मग रेडकू ओरडलं, बायका ओरडल्या.

रेडकू शेवटी बाहेर आलं का, ते मला नीट ऐकू आलं नाही. मी वळून बघितलं नाही.